सत्तावीस नंबरची चार मिनिटं

हातब्रेक ओढल्यावर हवा सुटून जो फुस्स आवाज होतो, तो बसमधल्या चाळीस माणसांना ऐकू येतो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. तिला मात्र त्या आवाजासरशी लघवी लागायची. लागायची म्हणजे कशी, तर दारावर थापा मारणाऱ्या माणसासारखी. उघड. आत्ताच्या आत्ता.

गोष्ट लघवीची आहे. ज्याला नाक मुरडायचंय त्याने इथेच उतरून घ्यावं.

डेपोत नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. जो ज्या मार्गावर, तेच त्याचं नाव. अकरावाला, चौतीसवाला, आणि पन्नास पुरुष ड्रायव्हरांत एकटी बाई, गेली बावीस वर्षं एकाच मार्गावर: सत्तावीसवाली. डेपो ते काच कारखाना, एक तास दहा मिनिटं. परत तेवढीच. दिवसाला तीन फेऱ्या. मार्ग गेला की नावही जायचं आणि दुसऱ्या कुणाच्या तरी अंगाला चिकटायचं.

पहिल्या दिवशी एका जुन्या ड्रायव्हरने तिला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. डाव्या आरशावर विश्वास ठेवायचा नाही. आणि दोन्ही टोकांना, लागो न लागो, जाऊन यायचं, कारण पुढे रस्त्यात काय वाढून ठेवलंय कुणाला ठाऊक. डेपोतले सगळे हेच करत. हातब्रेक, फुस्स, की पाय आपोआप तिकडे वळले. तिनेही केलं. बावीस वर्षं, दिवसाला सात वेळा, पोटात चार थेंब असले तरी.

मग आठ महिन्यांपूर्वी काच कारखान्याकडच्या बायकांच्या संडासाला कुलूप लागलं. वर पाटी: दुरुस्ती चालू. दुरुस्त करायला एक माणूस फिरकला नाही. आत मोडक्या खुर्च्या आणि थांब्यांच्या जुन्या पाट्या रचलेल्या, हे खिडकीच्या फटीतून दिसायचं. पुरुष भिंतीमागे जात. भिंतीला दुरुस्ती लागत नाही.

तिने काय केलं? पाणी सोडलं. सकाळी अर्धा कप कडक चहा, दुपारी अर्धा कप, तेही डोळे उघडे राहावेत म्हणून. ओठ फाटले. डोकं ठणकायला लागलं. आणि लघवी कमी लागायची सोडून दुप्पट लागू लागली, हे काही केल्या तिच्या डोक्यात शिरेना. विहिरीत बादली सोडली नाही तरी बादली भरून वर यावी, तसं.

तो दिवस.

पूल उतरल्यावर, अकराव्या थांब्याच्या अलीकडे, कळ आली. तिने मांड्या आवळल्या. सिग्नल लाल. पुढे पेट्रोलपंप, पंपाच्या मागे दार, दारावर बाईचं चित्र. तिने गाडी कडेला घेतली, हातब्रेक ओढला.

फुस्स.

दारापर्यंत ती पोचली नाही. म्हणजे ती पोचली, लघवी आधी पोचली.

तीन मिनिटांनी ती परत आली तेव्हा कंडक्टर दारात हात आडवा लावून उभा होता आणि लोकांना सांगत होता की रेडिएटर तापलाय. ह्या कंडक्टरला सगळे शिट्टी म्हणत, कारण घंटेची दोरी असताना तो तोंडाने शिट्टी मारून गाडी सोडायचा. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. त्याने तिच्या पँटकडे पाहिलं नाही. आपला ओव्हरकोट तिच्या सीटवर टाकून ठेवला होता, एवढंच. पण एका प्रवाशाने ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटचा फोटो काढला होता. तिचा नाही, सीटचा. तोच फोटो तक्रारीसोबत डेपो मॅनेजरच्या टेबलावर आला.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याने तिला बसायला सांगितलं, पाणी पुढे केलं (ती प्यायली नाही), आणि मग टाईप केलेला कागद सरकवला. हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बदली. छत्र्या, एकेकटे हातमोजे, डबे, एकदा तर कुणाची तरी कवळी. बसून काम. आणि संडास अगदी समोर, तो आपुलकीने म्हणाला. त्याच्या खुर्चीमागे त्याचं स्वतःचं दार होतं, खुंटीला किल्ली.

कागदावर सुरुवातच अशी होती:

*मी, खाली सही करणार, स्वेच्छेने आणि कोणत्याही दबावाखाली न येता*

दबाव होता. बेंबीच्या चार बोटं खाली होता. तिला हसू आलं आणि हसताना भीती वाटली, कारण हसलं तरी गळायचं.

नवं वेळापत्रक कधी लागू होतंय, तिने विचारलं. सात आठवड्यांनी, पहिल्या तारखेला. तोवर कागद माझ्याजवळ राहू दे, ती म्हणाली, आणि त्याची घडी घालून खिशात टाकली. मॅनेजरने तोवर तिला सहा नंबरवर टाकलं. सहा म्हणजे बाजाराला वळसा घालून वीस मिनिटांत डेपोत परत. नव्या पोरांना शिकायला देतात तो मार्ग. शिट्टी कुणी न सांगता तिच्यामागे सहावर आला. सत्तावीसवर दुसराच कुणी बसला आणि दुपारपर्यंत लोक त्याला सत्तावीसवाला म्हणायलाही लागले.

घरी सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. नवरा दूर बंदरावर क्रेन चालवायचा, तीन महिन्यांतून एकदा यायचा. घरात ह्या दोघीच. ती काय झालं ते सांगत असताना सासूबाईंनी मान वर केली नाही. मग एकेक घडी घालत एकेक युक्ती सांगितली. गडद रंगाचं नेसायचं. सुती धडपा चौपदरी घालायचा, आणि त्याच्या आत एक प्लास्टिक. कुठे गेलं की आधी दार बघून ठेवायचं, मग माणसं. कडेची खुर्ची. कुणी पाणी दिलं की ओठाला लावून खाली ठेवायचं. बाहेर जायच्या आदल्या संध्याकाळपासून काही प्यायचं नाही, आणि त्याहून सोपं म्हणजे बाहेर जायचंच नाही.

उभ्या शहराला माहीत होतं की सासूबाई गुडघ्यांमुळे कोपऱ्यापलीकडे जात नाहीत. सख्ख्या भाचीच्या लग्नालाही गेल्या नव्हत्या.

“आई, किती वर्षं?”

“गुडघे गं,” सासूबाई म्हणाल्या, आणि उशीचा अभ्रा हातात घेतला.

दवाखान्यातल्या सिस्टरने चष्मा कपाळावर चढवला होता आणि तो तिथे आहे हे विसरून टेबलावर शोधत होती. लघवी तपासली: जंतू नाहीत. साखर तपासली: ठीक. मग विचारलं, दिवसातून किती वेळा जाता.

मोजलं नाही कधी.

फेऱ्या मोजता ना, सिस्टर म्हणाली, मग हेही मोजा. आणि तिच्या हातात मापाचा मग आणि रकाने छापलेले तीन कागद ठेवले.

*दिवस पहिला, रविवार, सुट्टी*

*६.१०. १८० मिली. घाई ४ पैकी ३. प्यायले: काही नाही. शेरा: उठल्यावरची.*

*६.५५. ७० मिली. घाई ४. प्यायले: अर्धा कप चहा. शेरा: एवढ्यासाठी एवढा तमाशा?*

*७.४०. ९० मिली. घाई १. शेरा: लागली नव्हती. बाजारात जायचं म्हणून गेले.*

*८.३०. ८० मिली. घाई ४. शेरा: कुलपात किल्ली फिरवताना.*

*९.१५. ६० मिली. घाई ४. सांडली. शेरा: शेजाऱ्याने ट्रक उभा केला. हातब्रेक.*

*९.१५ चा पुढचा शेरा, जागा पुरली नाही म्हणून मागच्या बाजूला: बावीस वर्षांत माझ्या हातून एक कुत्रंसुद्धा चिरडलं नाही.*

दिवसात सतरा वेळा. सर्वांत मोठा आकडा सकाळचा, एकशे ऐंशी.

सिस्टरने कागद वाचले, शेरे जरा जास्तच मन लावून वाचले. मग पेनने टेबलावर लघवीच्या पिशवीचं चित्र काढलं. एरवी तीनशे-चारशे मिली मावेपर्यंत ही गप्प पडून राहते. तुमची सत्तरलाच आवळायला लागते. भरलेली नसते, भरली असं तिला वाटतं. आणि असं वाटायला तुम्हीच शिकवलंय. लागो न लागो जायचं, दोन टोकांना, आवाज झाला की. वेळापत्रक पाठ झालंय तिला. वर पाणी सोडलंत. लघवी घट्ट झाली, ती आतून चावते, चिडलेली आणखी चिडते. चहाने तर आगीत तेल.

सगळ्यांचीच अशी होते का, तिने विचारलं.

सवयीनेच होते असं नाही, सिस्टर म्हणाली. कित्येकांची काही कारण नसताना होते. वयाने होते, बाळंतपणानंतर होते, पुरुषांची होते. सगळे गुडघ्यावर ढकलतात.

ती दचकली. सिस्टर सासूबाईंना ओळखत नव्हती.

गोळ्या आहेत, पण तोंडाला कोरड पडते, एखाद्याला अंधुक दिसतं, आणि तुम्ही चाळीस जीव घेऊन फिरता. आधी शिकवणी. नाही जमलं तर डॉक्टर गोळीचं बघतील, त्यात हार मानल्यासारखं काही नाही. दिवसभर थोडं थोडं पाणी, घटाघटा नाही. चहा एकच. आणि कळ आली की धावायचं नाही. धावलात की ती जिंकली. बसायचं, टाचा जमिनीवर टेकायच्या, लघवी अडवताना जो स्नायू आवळतो तो पटपट पाच-सहा वेळा आवळून सोडायचा, आणि डोक्याला दुसरं काम द्यायचं. लाट आहे ती. चढते, उतरते. उतरली की मग चालत जायचं. चालत.

दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवा, सिस्टर म्हणाली. माझी फेरी वीसची आहे, सत्तावीसवाली म्हणाली. मग वीस, पण रडारड नको. आणि चष्मा आजही कपाळावर आहे तुमचा, असं सांगून सत्तावीसवाली उठली.

आता सहा नंबर. वीस मिनिटांची फेरी, दर फेरीला डेपो, दर डेपोला फुस्स, आणि समोर उघडं, स्वच्छ, मोकळं दार. मॅनेजरने शिक्षा म्हणून दिलेला मार्ग म्हणजे शाळाच निघाली.

पहिला आठवडा: दोन फेऱ्यांआड.

हातब्रेक. फुस्स. थापा सुरू. टाचा. आवळ, सोड, आवळ, सोड. डोक्याला काम: सत्तावीसचे थांबे उलटे. काच कारखाना. रंगाची वखार. शाळा नंबर दोन. दवाखाना. पेट्रोल…

पंप नको. पंप गाळायचा.

पूल. पुलाखाली. धोबीघाट

धोबीघाट कशाला म्हणायचा. पाणीच पाणी. पुन्हा पहिल्यापासून. काच कारखाना. रंगाची वखार.

“ताई, घाम फुटलाय तुम्हाला,” शिट्टी मागून म्हणाला.

“फुटू दे. तिथून फुटतोय ते बरंय.”

तो इतका हसला की शिट्टी मारता येईना. त्या फेरीला त्याला घंटा वाजवावी लागली.

दुसरा आठवडा तीन फेऱ्या. तिसरा आठवडा चार. चौथ्या आठवड्यात गाड्या धुणाऱ्याने नळी सोडली आणि ती सीटवरच हरली, सगळी. तिने शिट्टीचा ओव्हरकोट मागून घेतला, कपडे बदलले, आणि कागदावर लिहिलं: *सांडली. घाई ४. शेरा: उद्या त्याच नळासमोर गाडी लावणार.* लावली. दुसऱ्या दिवशीही लावली. तिसऱ्या दिवशी धुणारा म्हणाला, बाई, तुमची गाडी चकचकीत आहे हो. तिने त्याला धुवायला लावली आणि समोर बसून राहिली, पाण्याची बाटली तोंडाला लावून, नजर त्याच्या नळीवर रोखून. त्याला वाटलं कामात खोट काढते.

पाचवा, पाच फेऱ्यांचा जेमतेम. सहावा: सात.

सात फेऱ्या म्हणजे दोन तास वीस मिनिटं. म्हणजे सत्तावीस नंबर, जाऊन येऊन. ती गाडीतून उतरली आणि चालत गेली. मगात तीनशे दहा. तो आकडा तिने दोनदा वाचला.

कागद घेऊन ती मॅनेजरकडे गेली. त्याने सगळे सहा आठवडे बोट फिरवत पाहिले आणि मनापासून खूष झाला. सत्तावीस तुमचाच, म्हणाला. मग तो मागे रेलला आणि त्याच खुषीत पुढचं वाक्य बोलून गेला: तिकडच्या कुलपाचा प्रश्नही आता आपोआप मिटला.

ती दारापर्यंत गेली होती. परत आली.

तिला थांबवता येऊ लागलं होतं, ते तिने स्वतःसाठी केलं होतं. नाव परत मिळावं म्हणून. धडप्यांशिवाय घराबाहेर पडता यावं म्हणून. ह्या माणसाच्या मोडक्या खुर्च्यांना जागा मिळावी म्हणून नव्हे. तिने एवढंच विचारलं की काच कारखान्याचं कुलूप कधी निघेल. तो म्हणाला, आता कशाला?

विश्रांतीच्या खोलीत फलक होता. ड्युट्या, नियम, हरवल्याच्या सूचना. तिने मधोमध जागा केली आणि चार टाचण्या मारून आपला कागद लावला: पहिल्या दिवसाचे आकडे, सत्तर, नव्वद, साठ, सांडली, आणि खाली कोरा कागद. शेजारी दोऱ्याने पेन बांधलं. वर लिहिलं: *सत्तावीसवाली. माझं हे असं होतं. तुमचं?*

पहिला दिवस कुणी तिकडे बघेना. सगळ्यांना अचानक बुटांच्या नाड्या बांधायच्या होत्या. एकाने लिहिलं: *ह्याची काय जाहिरात करायची?* संध्याकाळी त्याच्या खाली दुसरं अक्षर: *मागच्या सोमवारी सिग्नलवर गाडी सोडून तू कुठे पळालास ते लिहू का?*

दुसऱ्या दिवशी दार उघडल्यासारखं झालं.

*अकरावाला. दुपारी दोननंतर पाणी पीत नाही. आठ वर्षं.*

*चौतीसवाला. भिंतीमागे साप निघाला. बोललो नाही, हसतील म्हणून.*

*बाटली. नाव नाही लिहीत. सगळ्यांना कळलं असेल.*

*नवीन लागलोय. मला पहिल्या दिवशी सांगितलं, लागो न लागो जा. हे चूक आहे काय?*

*शिट्टी, कंडक्टर. मी रोज बारीक होत जाणाऱ्या धारेसमोर उभा राहतो. बायकोला वाटतं मी आत पेपर वाचतो. सिस्टरचा दवाखाना कुठे आहे?*

तिने त्या नव्याला खाली उत्तर लिहिलं, आणि शिट्टीला हाताला धरून दवाखान्यात नेलं.

चौथ्या दिवशी मॅनेजर आला. हात मागे बांधून त्याने कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. तो म्हणाला, हे काढा. ती म्हणाली, काढते, तिकडचं कुलूप काढलं की. मग तिने खिशातला घडीचा कागद काढला, स्वेच्छेनेवाला. मागच्या कोऱ्या बाजूवर तिने दोनच ओळी लिहिल्या होत्या: काच कारखान्याकडचं दार उघडावं. तिथे गाडीला चार मिनिटं द्यावीत. खाली तिची सही, आणि त्या सहीखाली, एकमेकांना कोपरं मारत बसवलेल्या, एकतीस सह्या.

मॅनेजरने बोट फिरवत सह्या मोजल्या. दार उघडतो, म्हणाला. चार मिनिटंही बसवतो. वेळापत्रकात तांत्रिक थांबा म्हणून घालू.

“गाडीत बिघाड नाही,” ती म्हणाली. “लघवीसाठी लिहा.”

“छापील कागद आहे, बाई. लोक वाचतात.”

“लोक करतातही.”

मागे कुणीतरी खोकून हसू दाबलं. मॅनेजरने तिकडच्या कुलपाची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

पहिल्या तारखेला वेळापत्रक लागलं. सत्तावीस, काच कारखाना, आगमन अमुक, प्रस्थान अमुक, आणि मध्ये बारीक अक्षरात: *४ मि., लघवीसाठी*. तिने एक प्रत घरी नेऊन सासूबाईंच्या चष्म्याखाली धरली. सासूबाईंनी तो शब्द वाचला. कागद लांब धरून वाचला. जवळ धरून वाचला.

“असं छापून देतात?” त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पायात चपला घालून दारात उभ्या होत्या. फिकट निळं नेसल्या होत्या. गुडघे आज जरा बरे आहेत, म्हणाल्या.

ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर त्या एक तास दहा मिनिटं खिडकीला नाक लावून बसल्या. पूल आला तेव्हा पूल म्हणाल्या. रंगाची वखार आली तेव्हा, अगं ही अजून आहे, म्हणाल्या. शेवटच्या दोन थांब्यांना त्यांची पर्स मांडीवर घट्ट आवळली गेली, ते आरशात दिसत होतं, उजव्या. टाचा टेका आई, ती मागे न बघता म्हणाली. सिस्टरची शिकवणी तिने सांगून झाली होती, आणि किती वर्षं ते त्यांनी, घड्या घालता घालता.

काच कारखाना. हातब्रेक.

फुस्स.

तिला काहीच झालं नाही. ती बसून राहिली. सासूबाई उतरल्या, दाराकडे निघाल्या, मध्येच थांबल्या, लाट उतरू दिली, आणि मग चालत गेल्या. दार उघडं होतं. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

चार मिनिटं झाली. पाच. सहा. टाय लावलेला एक गृहस्थ पुढे आला, हातात वेळापत्रक घेऊनच, आणि त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, चार लिहिलंय. सहा झाली. कुणाची वाट बघताय?

“माझी सासू आत आहे,” सत्तावीसवाली म्हणाली. “तिने तीस वर्षं धरून ठेवलंय. तुम्ही दोन मिनिटं धरा.”

शिट्टीने ओठांवर आणलेली शिट्टी परत गिळली आणि दारात हात आडवा लावून उभा राहिला.